उष्ट्याचा जाळ

साकीनाक्याच्या डाइंग हाउसमागे, जिथे पूर्वी
फर्नेस ऑइलची पिंपं आडवी पडलेली असायची,
तिथे आता एक टाकी आहे, हिरवी, घुमटाची,
आणि तिच्या तोंडाशी हौसाबाई शेजवळ.

पहाटे चारला टेम्पो येतो मरोळच्या मंडईतून:
कोबीची पानं, फुटके टोमॅटो, काळी पडलेली केळी.
मग हॉटेलांची पिंपं. झाकण काढलं
की काल रात्रीची सगळी लग्नं एकदम नाकात येतात.
हौसाबाई कोपरापर्यंत हात घालून वेचते
चमचे, टूथपिका, प्लास्टिकच्या वाट्या,
एकदा एक कानातलं.
ते परत द्यायला दोन बस बदलून गेली होती.

मी बॉयलरचा माणूस. दुसऱ्या वर्गाचं सर्टिफिकेट,
सव्वीस वर्षं काळ्या तेलाशी संसार.
माझा रुमाल बायको वेगळा धुवायची.
खरकट्यावर वाफ धरायची म्हटल्यावर
मी हसलो होतो, मोठ्याने, मालकासमोर.
आमच्यात उष्टं देवाला चालत नाही,
पाहुण्याला चालत नाही.
मग चालतं कुणाला?
हौसाबाईच्या आईला परसदारी हेच मिळायचं, पदरात.
हे सांगताना तिचा आवाज चढत नाही,
फावडं मात्र जरा जोरात आपटतं.

टाकीला ती पोट म्हणते.
"आज जड आहे." "आज ढेकर नाही दिला."
केतकी धारप, इंजिनिअर, कागदाची पट्टी बुडवते
आणि तासाभराने तेच सांगते, आकड्यात.

दिवाळीनंतर मिठाई आली, खोक्यांवर खोकी,
वर ज्यूस सेंटरची मोसंबीची सालं.
हौसाबाई म्हणाली, नको.
मालक म्हणाला, फुकट आहे, टाका.
तिसऱ्या दिवशी पोट आंबलं.
ज्योत बर्नरवरून उचलली गेली,
थरथरली,
माझ्या डोळ्यांदेखत गेली.
राणी रंगाचा लॉट अर्धा शिजून व्हॅटमध्ये,
प्रेशरचा काटा खाली खाली.
मी तेलाचा व्हॉल्व्ह उघडला.

पाच दिवस.
धुरांड्याला जुनी सवय लगेच आठवली.
मागच्या चाळीतल्या बायकांनी
दोरीवरचं सगळं न बोलता आत घेतलं.
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हौसाबाईने पोटाला उपास घातला.
जोगेश्वरीच्या तबेल्यातून शेण आणलं, कोमट,
रिक्षावाले थांबेनात म्हणून हातगाडीवर.
मग चुना कालवला.
"लोक एकमेकांना लावतात," म्हणाली,
"आपण हिला लावू. ही तरी बरी होईल."
आणि टाकीच्या पत्र्याला कान लावून बसली
तापातल्या पोरापाशी बसावं तशी.

सहाव्या रात्री काचेच्या नळीतलं पाणी
बोटभर सरकलं.
मी काडी धरली.
निळी.
आवाज असा, की दूर कुणी रेशमाचं ठाण फाडतंय.

काल ऑडिटवाला आला. किती टन कार्बन वाचला, विचारत होता.
म्हणजे जो धूर निघालाच नाही, त्याचं वजन.
केतकीने आकडा दिला, माझी सही घेतली.
फॉर्मवर हौसाबाईसाठी रकाना नव्हता.
मी समासात तिचं नाव लिहिलं,
त्याने ते खोडलं, नीट, पट्टी धरून.

दुपारी बॉयलरच्या उबेला तिने डबा उघडला.
माझा घरीच राहिला होता.
अर्धी भाकरी पुढे केली, मग थबकली.
"उष्टी आहे हो."
"दे गं. एवढ्या मोठ्या बॉयलरला चालते."

भाकरीत मीठ जास्त होतं.
मी बोललो नाही.
तीच म्हणाली, मीठ जास्त झालंय ना?